पत खर्चून घेतलेला शिधा

सुताचा व्यापार करणारा माझा एक मित्र रात्री दुकान वाढवून घरी जाताना कधीकधी आमच्याकडे डोकावतो. मागच्या हिवाळ्यात तो असाच आला तेव्हा मी लॅपटॉपवर ‘द बॅनर सागा’ खेळत बसलो होतो. पडद्यावर बर्फातून माणसांची लांबलचक रांग चाललेली, मधे गाड्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर वाऱ्याने फडकणारं एक लांबच लांब निशाण. तो खुर्चीमागे उभा राहून बघत होता.

“काय बे, हे काय खेळलालास? दिंडी हाय का ही?”

दिंडी नाही, गाव सोडून पळणारी माणसं आहेत, असं मी म्हणालो. शिधा किती दिवस पुरेल याचा आकडा वर दिसत असतो, तो तीनवर आला होता. मी बाजार उघडून धान्य घेतलं. शिध्याचा आकडा वाढला, दुसरा एक आकडा घसरला.

“हे पैसे का?”

“पैसे नाहीत. याला रिनाउन म्हणतात. लढाया मारून कमावलेलं नाव.”

“मग पत म्हण की सरळ.”

एवढं बोलून तो चहा न घेताच गेला. मी हा गेम त्याआधी एकदा शेवटापर्यंत खेळलो होतो, त्याच्यावर इंग्रजीत लिहिलेलंही बरंच वाचलं होतं. पण त्या एका शब्दाने गेमचं अर्धं कुलूप उघडलं.

कारण खेळणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार याच आकड्याबद्दल आहे. म्हणतात, कीर्ती देऊन कुणी ज्वारी देतं का? ज्याने लढाई मारली त्याला दुकानदार पोतं उचलून का देईल? आणि त्याच आकड्यातून आपले लढवय्ये वरच्या पायरीवर न्यायचे, त्याच आकड्यातून त्यांच्यासाठी ताईत-कडी घ्यायची, हे कसलं अर्थशास्त्र? ही तक्रार करणाऱ्याला एकदा आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात आणून बसवलं पाहिजे. इथे हंगामाच्या तोंडावर सूत उचललं जातं ते मागवाल्याच्या नावावर. नाव चांगलं असेल तर गाठोडी येतात, पैशाचं नंतर बघू. पण नाव वापरलं की झिजतं. एकदा मुदत चुकली, दोनदा चुकली, की तिसऱ्या वेळी तोच व्यापारी ‘माल संपलाय’ म्हणतो आणि त्याच्या मागे गाठोड्यांची थप्पी दिसत असते. पत कमावताना वर्षं जातात, आणि ती खर्च करताना कशावर करायची हा प्रश्न असतोच: घरच्या लग्नावर, नव्या मागावर, की मंदीच्या महिन्यात कामगारांची उचल भागवण्यावर. या गेमने तोच प्रश्न विचारलाय. फक्त मागाच्या जागी तलवार आहे.

थोडं मागचं सांगतो. बायोवेअर या मोठ्या गेम-कंपनीतून बाहेर पडलेल्या तिघांनी अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात स्टोइक नावाचा छोटा स्टुडिओ काढला आणि २०१२ साली किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. २० हजारांहून जास्त लोकांनी मिळून सात लाखांच्या वर दिले. पहिला भाग १४ जानेवारी २०१४ला आला. आपल्याकडे संक्रांत, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरलेला, नंदीध्वजाच्या उंच काठ्या मिरवण्याचे दिवस. दुसरा भाग २०१६मध्ये आला, तिसरा २०१८मध्ये. पहिला भाग येण्याच्या सुमारास ‘सागा’ हा शब्द कुणाच्या मालकीचा यावरून किंग नावाच्या कंपनीने या तिघांच्या ट्रेडमार्कला हरकत घेतली. ती भानगड २०१४मध्येच मिटली. शेकडो वर्षांपूर्वीच्या आइसलँडी कथांचा शब्द, आणि त्यावर भांडण ‘कँडी क्रश सागा’ हा गोळ्या-चॉकलेटं जुळवायचा गेम काढणाऱ्यांचं. असो.

गोष्ट अशी: देव मेलेले आहेत. सूर्य आकाशात थांबलाय, मावळतच नाही. व्हार्ल नावाचे शिंगं असलेले महाकाय पुरुष आहेत, त्यांना घडवणारा देव मेला, त्यामुळे त्यांच्यात आता नवा कुणी जन्मणार नाही. उत्तरेकडून ड्रेज नावाची दगडी चिलखतातली जमात उतरलीय. रूक नावाचा एक शिकारी आणि त्याची मुलगी ॲलेट गावाची उरलीसुरली माणसं घेऊन निघतात. निशाणावर त्या लोकांचा इतिहास शिवलेला असतो, जिथे निशाण तिथे गाव. नंदीध्वजाखाली वाढलेल्या माणसाला ही कल्पना फोड करून सांगावी लागत नाही. तीसेक फूट उंचीची ती काठी कमरेच्या पट्ट्यात पेलून बाराबंदी घातलेला माणूस चालतो तेव्हा तो एकटा चालत नसतो. चित्रं हाताने काढलेली आहेत, डिस्नेच्या जुन्या चित्रपटांची पार्श्वचित्रं रंगवणारे आयविन्ड अर्ल यांच्या वळणाची. संगीत ऑस्टिन विन्टरी यांचं. दोन्हीबद्दल कुणाचं दुमत नाही, म्हणून मीही त्यात वेळ घालवत नाही.

वाद आहे तो पुढे. ‘गोष्ट झकास, लढाई कंटाळवाणी’ हा या गेमवरचा ठरलेला निकाल आहे. मला तो निकाल मान्य नाही, कारण त्यात गोष्ट म्हणजे संवाद आणि लढाई म्हणजे नियम अशी वाटणी गृहीत धरलीय. माझं म्हणणं असं की गेममध्ये नियमच गोष्ट सांगतात, संवाद त्यावर पांघरूण घालतात. या गेमचं मोठेपण आणि त्याचा दोष, दोन्ही त्याच्या आकडेमोडीत आहेत. रांग चालत असते तेव्हा आकडे आणि गोष्ट एकच बोलतात. लढाईच्या पटावर उतरलं की दोघांची तोंडं दोन दिशांना.

रांगेतलं बघा. शिधा संपला की रोज माणसं कमी होतात. कुणी मरतं, कुणी निघून जातं. धान्य घ्यायचं तर पत हवी. पण तीच पत एगिल नावाच्या पोरसवदा ढालवाल्यावर लावली तर तो पुढच्या लढाईत दोन घाव जास्त सोसेल. जखमी माणसं बरी व्हायला मुक्काम करावा लागतो, मुक्काम म्हणजे दिवस, दिवस म्हणजे शिधा. हिशोब लिहिणं हाच माझा धंदा आहे. इतका घट्ट ताळेबंद मी कुठल्याच गेममध्ये पाहिलेला नाही. कुठलाही खर्च बिनपापाचा नाही. एगिलला वर चढवला त्या दिवशी रांगेतली आठ-दहा माणसं कमी झाली, तर ती कुणाच्या खात्यावर टाकायची? गेम ते विचारत नाही, आकडा तेवढा दाखवतो.

एके दुपारी आई मागे येऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही. रस्त्यात काही अनोळखी लोक भेटले होते, बरोबर घ्या म्हणत होते, आणि मी माउस धरून विचार करत होतो. तिने एवढंच विचारलं, “किती दिवसांचं धान्य हाय?” मी आकडा सांगितला. ती बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई, लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली. तिने क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “घे. पण आधी विचार, त्यांच्याजवळ काय हाय.” गेममध्ये तसं विचारायचा पर्याय नव्हता. हा त्याचा एक खरा दोष म्हणून मी तेव्हाच मनात लिहून ठेवला.

म्हणजे निवडींबद्दलची तक्रार मी पूर्ण झटकून टाकत नाही. परिणाम आधी कळत नाहीत हे मला चालतं, दुष्काळात कुणाला कळतात? हवं तिथं सेव्ह करून, चुकलं तर मागे फिरायची सोय नाही, गेम आपली आपण नोंद ठेवतो, हेही बरंच आहे. पण काही ठिकाणी तीन वाक्यं वाचायला देऊन चार पर्याय पुढे ठेवले जातात, आणि त्या तीन वाक्यांत अंदाज बांधायला काहीच नसतं. तिथे ती निवड उरत नाही, चिठ्ठी उचलणं होतं. वाढवलेला, पत घालून मोठा केलेला माणूस अशा एखाद्या चिठ्ठीत कायमचा जातो. एगिलच अगदी सुरुवातीला जाऊ शकतो. माझ्या पहिल्या खेपेला गेला.

आता पटावर येतो, आणि इथे जरा थांबणार आहे.

बुद्धिबळासारखा चौकोनांचा पट. माणूस एक घर अडवतो, व्हार्ल चार. प्रत्येकाकडे दोन आकडे: निळा चिलखताचा, लाल बळाचा. बळ म्हणजेच जीव आणि बळ म्हणजेच घावाची ताकद. ही युक्ती अफलातून आहे. बऱ्याच गेममध्ये शंभरातला एक जीव उरलेला माणूसही धडधाकटासारखा वार करतो. इथे घायाळ झाला की हात लुळा पडला. माझ्या बळातून समोरच्याचं चिलखत वजा होतं, उरेल तेवढं त्याला लागतं. त्यामुळे आधी चिलखत फोडू की सरळ बळावर घाव घालू, हा प्रश्न दर खेळीला नव्याने पडतो.

गडबड पाळीत आहे. एक खेळी माझी, एक त्यांची. कुणाची किती माणसं उरलीत याच्याशी पाळीचा संबंध नाही. समजा माझे सहा, त्यांचे सहा. त्यांच्यातले दोन राक्षस, चार किरकोळ. मी सहा खेळ्या करतो तोवर त्यांच्याही सहा होतात, प्रत्येकाची एकेक, राक्षसांची धरून. आता मी चार किरकोळ मारले. उरले दोन राक्षस. मी माझ्या सहा खेळ्या करतो तोवर त्यांच्या अजूनही सहाच, पण खेळणारे दोघेच. म्हणजे प्रत्येक राक्षस तीनदा हात उगारतो. चार शत्रू मारल्याचं बक्षीस काय, तर उरलेले दोन तिपटीने चपळ झाले! शेवटचा एकच उरला की मग कुठे नियम बदलतो आणि आपले सगळे ओळीने त्याच्यावर तुटून पडतात.

म्हणून मुरलेला खेळाडू मारत नाही. किरकोळांचं बळ एक-दोनवर आणून त्यांना तसंच रखडत सोडतो. ते पटावर लंगडत फिरतात, त्यांची पाळी येते, टोचल्यासारखा वार करतात, आणि त्या प्रत्येक पाळीमागे राक्षसाचा एक घाव टळतो. हे कळलं की लढाया फटाफट सुटतात.

हे असं का केलं असेल, ते समजतं. बुद्धिबळात एका बाजूकडे एक हत्ती जास्त झाला की पुढचा डाव मारामारी करत संपवायचा असतो, हरणाऱ्याला फक्त वाट बघायची. इथे शेवटपर्यंत चुरस राहते. कोडं म्हणून मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? ‘एक्सकॉम’ या दुसऱ्या एका लढाईच्या गेममध्ये नव्वद टक्के खात्रीची गोळी चुकली की कपाळावर हात मारायचा प्रकार असतो, त्यापेक्षा हे कितीतरी सरळ. त्यात फाशापेक्षा डोकं जास्त चालतं.

पण रूक काय करतोय ते आठवा. मागे पोरंबाळं आहेत, मजकूर सांगतोय की फळी फुटली, ते घुसले, वेळ नाही. आणि पटावर रूक तीन अर्धमेले शत्रू मुद्दाम जिवंत ठेवून सावकाश फिरतोय, कारण हिशोब तसा आहे. यातला क्रूरपणा मला खुपत नाही. युद्ध क्रूरच असतं, आणि पुढच्या भागांत कळतं की हे ड्रेजसुद्धा कशापासून तरी पळतायत. मला खुपतं ते हे, की गोष्टीला याचा पत्ताच नाही. वाटेत घेतलेल्या निर्णयाचा विषय पुढे कधीतरी रांगेतलं कुणी काढतं. पटावर शत्रूला लंगडवून ठेवलं तर ॲलेट वडिलांकडे वळून एक शब्द बोलत नाही. नियमाने जे घडवलं ते गोष्टीने ऐकलंच नाही.

दुसरी फट माझ्या मुलीने दाखवली. ती दहावीत आहे, मराठी माध्यमात. नावांनी आधी वैतागली. पहिलं प्रकरण एका टोळीचं, दुसरं भलत्याच टोळीचं, देवांची नावं वेगळी, गावांची वेगळी, आणि सगळा मजकूर इंग्रजी. मराठीत हा गेम नाही. ती मोबाइलवर शब्द शोधत शोधत खेळली, त्यामुळे असेल, पण प्रत्येक वाक्य तिने माझ्यापेक्षा लक्ष देऊन वाचलं. एक दिवस म्हणाली, “पप्पा, हा लढाईत इतक्यांदा पडला तरी दोन दिवस झोपून उठतो. आणि आता एका वाक्यात मेला?” बरोबर आहे. पटावर पडलेला माणूस फक्त जखमी होतो, काही दिवस त्याचं बळ कमी राहतं. मरण येतं ते मजकुरातून. जपानच्या ‘फायर एम्ब्लेम’ या गेमने १९९०मध्येच पटावर पडलेला माणूस कायमचा जाऊ दिला होता, त्यामुळे तिथे प्रत्येक खेळीला हात थरथरतो. इथे पटाला मरण माहीत नाही आणि गोष्टीला पट माहीत नाही.

बाकीचे दोष पटकन उरकतो. पहिल्या भागात शत्रूंचे प्रकार थोडे, पट एकसारखे. रांगेतल्या माणसांच्या आकड्याला शेवटी हवं तेवढं वजन येत नाही. तिसऱ्या भागात, शहर किती काळ तग धरेल याच्याशी त्याचा संबंध जोडलाय, पण ते पहिल्यातच व्हायला हवं होतं. चार वर्षं थांबून कोण हिशोब मागतं?

एका गेमच्या पाळीबद्दल एवढं का लिहायचं, असं कुणी विचारेल. सांगतो. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्याने बंदी आणली, ई-स्पोर्ट्स आणि इतर खेळ वेगळे धरले. हा फरक कायद्याने केला, आमच्या घराघरांत तो अजून झालेला नाही. ‘पोरगं गेम खेळतंय’ एवढ्या वाक्यात रमीचं ॲपही येतं आणि हेही. आमच्या ओळखीत एका घराने अशा ॲपपायी दागिने मोडले. त्या घरात पुन्हा ‘गेम’ शब्द काढायची कुणाची छाती होणार? मी त्यांना दोष देत नाही. उलट बाजूला गेमचे शौकीन ‘ही तर कला आहे, सिनेमासारखी आहे’ म्हणून छाती फुगवतात आणि पुरावा म्हणून चित्रं आणि संगीत दाखवतात. दोघेही नियम वाचत नाहीत. रमीच्या ॲपचे नियम वाचले तर तेही एक गोष्ट सांगतात: थांबू नकोस, हरलास ते आत्ताच परत मिळेल. बॅनर सागाचे नियम वाचले तर ते सांगतात: थांब, मोज, आणि काहीही निवडलंस तरी काहीतरी जाणार. डाव तुमच्यासाठी अडून बसलेला असतो. मधेच जेवायची हाक आली, तरी ड्रेज तुमच्या खेळीची वाट बघत उभे. मुलांच्या हातात काय द्यायचं हे ठरवताना रक्त किती दिसतं, वेळ किती जातो, एवढंच आपण बघतो. हा गेम नियमाने काय शिकवतोय हे बघायची सवय पालकांना लागली पाहिजे, आणि गेमवर मराठीत लिहिणाऱ्यांनाही. या मापाने मोजलं तर बॅनर सागा रांगेत पैकीच्या पैकी गुण घेतो आणि पटावर जेमतेम काठावर पास होतो. तरीही मी तो मुलीच्या हातात दिला.

पहिल्या भागाचा शेवट आता सांगावा लागणार, ज्यांना खेळायचाय त्यांनी इथेच थांबावं.

शेवटी एक न मरणारा शत्रू समोर असतो आणि चांदीच्या टोकाचा एकच बाण. तो रूकने मारायचा की ॲलेटने, हे ठरवायचं. जो मारेल त्याचं काय होईल ते गेम सांगत नाही, पण अंदाज येतो. मला माहीत होतं, मुलीला नव्हतं. बाप आणि मुलगी पडद्यावर उभे, बाप आणि मुलगी खुर्चीत. मी मुद्दाम गप्प बसलो. ती वाक्यं वाचून झाल्यावर रडवेली होईल, असा माझा अंदाज होता.

तिने मागे जाऊन आधी दोघांचे आकडे पाहिले होते म्हणे. सरळ आवाजात म्हणाली, “ॲलेटला पाठवू.”

“का गं?”

“रूकवर आपण जास्त पत घातलीय. तो गेला तर सगळी वाया. ॲलेट अजून खालच्याच पायरीवर आहे.” माझ्या तोंडाकडे बघून तिने पुढे जोडलं, “हिशोब तसाच येतोय, पप्पा.”

एवढे दिवस पत, शिधा, पायरी मोजून मोजून तिचं डोकं तसंच चालायला लागलं होतं, आणि गेमनेच ते तसं चालवलं होतं. एकाही संवादाने हे काम केलेलं नव्हतं. मी तिच्या हातातून माउस घेतला आणि रूकवर क्लिक केलं. बाण सुटला, आणि मग जे व्हायचं ते झालं. संगीत वाजत राहिलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, लागलं तिला.

“मग एवढी पत त्याच्यावर घातलीच कशाला आपण?” ती म्हणाली, आणि उठून पाणी प्यायला गेली.